रंभाबाईच्या दोन बाटल्या

रंभाबाई आली नाही तर?

हा प्रश्न मथुरेच्या मनाला गोचिडीसारखा चिकटून बसला होता. आधण ठेवताना तो होता, अचूच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना होता, देवापुढे हात जोडले तरी होता. झटकावा तेवढा जास्त रुतायचा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा यायचा. त्याची मात्र तिला लाज वाटायची.

आणि आली तर?

आली, तर अचू तिच्याकडे बघून हसेल. रंभाबाई गेल्यापासून तो आईकडे बघून एकदाही हसला नव्हता.

रंभाबाई ही मुळशीच्या धरणाच्या छावणीतल्या दवाखान्यातली नर्स. जन्म वरच्या डोंगरातल्या धनगरवाड्याचा. बाप धुळाजी शेळ्यामेंढ्या राखायचा. पोरीला त्याने खाली खोऱ्यात, भाताची खाचरं असलेल्या घरी दिली होती. लग्नाला दोन पावसाळे झाले नाहीत तोच देवी आल्या. नवरा गेला आणि हिचं तोंड खड्ड्याखड्ड्यांचं झालं. डोळेही जातील असं वाटल्यावर सासरच्यांनी तिला बापाच्या दारात आणून सोडली. धुळाजीने तिला बैलगाडीत घालून पुण्याला मिशनच्या दवाखान्यात नेली. डोळे वाचले आणि बाई तिथेच राहिली. आधी फरशा पुसल्या, मग भांडी उकळली, मग परीक्षा दिली. "आंधळी व्हायला गेल्ते, नर्स हून आले," असं ती ज्याला त्याला सांगायची. धरणाचं काम सुरू झालं, छावणीत दवाखाना निघाला, तेव्हा इथली बोली येणारी नर्स हवी म्हणून तिला बोलावून घेतलं.

गावात तिचं नाव निघालं की लोक थुंकायचे. धरणाविरुद्धचा सत्याग्रह मोडून फार दिवस झाले नव्हते. तिच्या सासरची खाचरं त्याच धरणाच्या पाण्याखाली जायची होती. चुलतदिराने एकदा तिला भर रस्त्यात अडवलं होतं. "ज्या पाण्यात सासर बुडतंय, त्या पाण्याचा पगार खातीस व्हय गं?"

"सासरनं मला आदी बुडिवलं, भावजी," रंभाबाई म्हणाली, "पाणी मागनं आलं."

अशी होती. गरीब बिचारी वगैरे काही नाही. बांधा आडवा, आवाज चढा, दाताला सदा मशेरी. छावणीतल्या बायकांत बसली की स्वतःचीच कीर्ती गायची. "डाक्तर कापतो, त्यात काय, खाटीक बी कापतो. मानसाला जित्तं म्या ठिवते."

मथुरेला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

मथुरा पुण्याची. लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात गेलेली. मुलांच्या आजारपणावरचं इंग्रजी पुस्तक तिच्या उशाशी असायचं. पती त्रिंबकराव धरणाचे नकाशे काढायचे, म्हणून ती या पत्र्याच्या क्वार्टरात आली होती. पहिली मुलगी रांगायला लागण्याआधीच गेली होती. तेव्हापासून अचू शिंकला तरी हिचा जीव खालीवर व्हायचा. अचू सात वर्षांचा. आईशिवाय जेवायचा नाही, आईशिवाय झोपायचा नाही. लोक म्हणायचे, बाई, पोराला जरा सोडा. मथुरेला वाटायचं, सोडायला म्हणून का कुणी धरतं?

भातं कापून झाली आणि अचूला ताप आला. निमोनिया झाला, उतरला, पण ताप काही जाईना. पोर एका अंगावर पडून कण्हायचं. छावणीचे डॉक्टर नगरकर आले, त्यांनी डाव्या बरगड्यांवर बोटाने ठोकून पाहिलं. उजवीकडे ढोलकीसारखा आवाज, डावीकडे भिंतीसारखा.

"पू साठलाय," ते म्हणाले. "बरगडीचा तुकडा काढून वाट करून द्यावी लागेल. मथुताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्यापासून लपवत नाही. छाती उघडली की हवा आत शिरते आणि त्या बाजूचं फुप्फुस ओल्या पिशवीसारखं बसतं. तेवढा वेळ मुलाला एकाच फुप्फुसावर राहायचंय. भूल जास्त झाली तर तेही दमेल. कमी झाली तर तो धडपडेल."

"मग?"

"मग भूल देणारा हात चांगला हवा. तो आपल्याकडे आहे."

मथुरेला वाटलं, डॉक्टर स्वतःबद्दल बोलताहेत. ते रंभाबाईबद्दल बोलत होते.

त्या दिवसापासून ती घरात यायला लागली. आल्या आल्या तिने अचूला उजव्या कुशीवरून डावीकडे वळवलं, दुखऱ्या कुशीवर. पोर कळवळलं.

"अहो, ती बाजू दुखते त्याची!" मथुरा ओरडली.

"दुखू द्या. चांगली बाजू वर मोकळी पायजे. तीच राबायची हाय, तिच्यावर बसून कसं चालंल? अन् पू चांगल्या फुप्फुसात उतरला मंजी?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

मग तिने पिशवीतून तारेची एक जाळी काढली. त्यावर फडकं ताणून, वरून क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचे असतात. अचू मागे सरकला. रंभाबाईने ती जाळी स्वतःच्याच तोंडावर धरली आणि मान हलवत हंबरली.

"हे काय हाय, वळख?"

"काय?"

"वासराचं मुसकं! पिकात तोंड घालू नये म्हनून बांदत्यात. तू वासरू का रेडकू?"

"मी रेडकू!" अचू हसला. तापात इतक्या दिवसांनी हसला. दिवसभर ते मुसकं त्याच्या तोंडावर चढत राहिलं आणि उतरत राहिलं. संध्याकाळी तो ते कुशीत घेऊनच झोपला. मथुरा दाराशी चहाचा कप घेऊन उभी होती. रंभाबाईसाठी कपबशी वेगळी होती, बाहेरच्या खिडकीत उपडी ठेवलेली. कॉलेजात असताना मथुरेने या असल्या शिवाशिवीविरुद्ध भाषण केलं होतं. पण त्या दिवशी ती कपबशी वेगळी आहे याचं तिला बरं वाटलं. निदान एक तरी गोष्ट या बाईची नव्हती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मथुरेने पदर खोचला आणि अचूबरोबर दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरली. रंभाबाई दारात आडवी झाली.

"बाईसाहेब, तुमी भाईर."

"मी त्याची आई आहे."

"म्हनूनच. लेकरू आईम्होरं जास्त रडतं. रडलं की ती वाफ घटाघटा वढतं, अन् मग कुनाच्या बापाला आवरत न्हाई. काळीज बंद पडतं. जावा."

डॉक्टरांनी मान हलवली. दार लागलं. फळ्यांत एक फट होती. तिला डोळा लावून मथुरा उभी राहिली.

अचू टेबलावर होता, दुखऱ्या कुशीला कलता, पाठ टेबलाच्या कडेशी. रंभाबाई त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसली होती. एका हाताची बोटं जबड्याखाली, दुसऱ्या हातात बाटली. थेंब पडायचा, मग ती थांबायची. त्याच्या ओठांकडे बघायची, कानाच्या पाळीकडे बघायची, उजव्या बरगडीकडे बघायची, मग पुढचा थेंब. मध्येच अचू खोकला की ती डॉक्टरांना म्हणायची, "खोकला हाय. असू द्या. खोकला मेला तर पू नरड्यात राहील." मथुरेला प्रत्येक खोकला सुरीसारखा लागत होता आणि ही बाई खोकल्यावर खूश होती.

मग सुरी खरीच आत गेली. चूळ भरल्यासारखा आवाज झाला आणि अचूची छाती हलायची थांबली.

मथुरेने दाराची फळी गच्च धरली. आत रंभाबाईने मुसकं बाजूला फेकलं, जबडा पुढे ओढला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. तिचा तो चढा आवाज कुठे गेला कोण जाणे. शेळी व्यायला लागली की धनगर जसा हळू बोलतो तशी ती बोलत होती.

"वढ रं. वढ माझ्या राजा. एका अंगानं वढ. वढलंस? सोड आता. पुन्यांदा वढ."

आणि उजवी बरगडी वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. रंभाबाई स्वतः तसाच श्वास घेत होती, तिची पाठ अचूच्या बरगडीबरोबर उचलत होती. आणि दाराबाहेर मथुरेला कळलं की आपणही त्याच हुकमावर श्वास घेतोय. ती 'वढ' म्हणाली की ओढतोय, 'सोड' म्हणाली की सोडतोय. आपल्या पोटच्या पोराचा श्वास दुसरीच बाई हाकत होती, मेंढरं हाकावीत तसा, आणि आपण आपल्या पायांनी त्या कळपात चाललो होतो.

पोर वाचलं. मथुरेने देवापुढे साखर ठेवली. भूल उतरत होती तेव्हा ती उशाशी बसली होती, हातात पाण्याचं भांडं घेऊन. अचूने डोळे किलकिले केले. ओठ हलले.

"रंभाबाई, पाणी," तो म्हणाला.

भांडं मथुरेच्या हातात होतं. रंभाबाई पलीकडून म्हणाली, "पाणी न्हाई रं अजून, वल्ला बोळा देते," आणि तिने कापसाचा बोळा त्याच्या ओठांना लावला. मथुरेने भांडं खाली ठेवलं. त्याचा आवाज जरा मोठाच झाला.

मग बाटल्या आल्या.

छातीत रबराची नळी होती, पू निथळत होता. पण बसलेलं फुप्फुस पुन्हा फुगायला हवं होतं. त्यासाठी डॉक्टरांनी दोन मोठ्या बाटल्या दिल्या होत्या. बुचांतून काचेच्या नळ्या घालून एकमेकींना जोडलेल्या, एकीत लाल औषधी पाणी. एका नळीतून फुंकलं की पाणी या बाटलीतून त्या बाटलीत जायचं. फुंकर जड असायची, छातीच्या तळापासून आणावी लागायची.

"ही मुळशी," रंभाबाईने भरलेल्या बाटलीवर टिचकी मारली. "ती कोकन. हितलं पाणी घाटाखाली न्ह्यायला यवढं धरान बांदाय लागलंय. तू फुकरीनं न्हे बघू."

अचूने फुंकलं. पाणी बोटभर सरकलं.

"फुक की रं! इंजिनेराचा लेक ना तू?"

पाणी उलट फुंकून पुन्हा मुळशीत आलं की ती कपाळाला हात लावायची. "आरं द्येवा, सासर बुडालं माझं! न्हे कोकनात, न्हे लवकर!" मग बाटल्या उलट फिरवायच्या आणि अचू हसत, खोकत, घामाघूम होत तिचं सासर पाण्यातून वर काढायचा.

हे करताना ती त्याच्या अगदी तोंडासमोर बसायची आणि एका हाताने त्याचे दोन्ही गाल धरायची. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्या गालावर, आणि दाबून ठेवायची. तिचं खड्ड्यांचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. मथुरा कॉटच्या पायथ्याशी बसून बघायची. गाल कुस्करण्याचं हे लाडिक कौतुक तिला बघवायचं नाही. मी नऊ महिने वाढवला, मी रात्री काढल्या, आणि गाल ही धरणार? एकदा न राहवून ती म्हणाली, "त्याच्या तोंडाला हात लावायलाच हवा का?"

रंभाबाईने वळूनही पाहिलं नाही. "माझी रीत हाय ती."

काय रीत, कशासाठी रीत, ते काही तिने सांगितलं नाही. आणि मथुरेने विचारलं नाही. विचारलं असतं तर शिकावं लागलं असतं, तेही हिच्याकडून.

रंभाबाईही काही कमी नव्हती. काम संपलं की बाटल्या उचलून ती आपल्या कपाटात कुलपात ठेवायची. सकाळी आली की आधी पोराला विचारायची, "काल आईसंगं खेळलास न्हवं माझ्याबिगर? न्हाई ना?" अचू न्हाई म्हणायचा आणि तिचं तोंड उजळायचं. तिच्या पदराखाली कधी पोर खेळलं नव्हतं. मथुरेला ते दिसत होतं. दया यायची, आणि दयेच्या बुडाशी राग बसलेला असायचा, दुधाच्या भांड्याला करप धरते तसा.

एक दिवस डॉक्टर नगरकर एकटे सापडले. मथुरा बोलली. मशेरी लावून मुलाजवळ येते. मुलाची भाषा बिघडवते, तो 'न्हाई', 'व्हय' बोलायला लागला. मुलाला आईपासून तोडते. यातलं खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते एवढंच, की तिला मशेरीचं काहीच वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "खाली भिऱ्याच्या छावणीत नर्स मागताहेत खरं. पण अचूच्या बाटल्या?"

"मी आहे ना इथे," मथुरा म्हणाली. "दोन बाटल्यांत फुंकायला लावणं काही मला जड नाही."

शिकलेली बाई म्हटल्यावर डॉक्टरांचंही समाधान झालं.

रंभाबाईला कारण कुणी सांगितलं नाही, तिला ते सांगावं लागलं नाही. जायच्या दिवशी तिने बाटल्या आणून अचूच्या कॉटखाली ठेवल्या. "घ्या बाईसाहेब, तुमची मुळशी अन् तुमचं कोकन." अचू झोपला होता. त्याला उठवू नका, असं मथुरा म्हणाली. रंभाबाई दाराशी गेली, वळली. काहीतरी सांगायचं तोंडाशी आलं होतं. मथुरेला ते स्पष्ट दिसलं. मग रंभाबाईने ओठ मिटले, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि निघून गेली.

नळी निघाली, जखम भरत आली. अचू घरी आला. पहिले दोन दिवस त्याने बाटल्यांकडे पाठ केली. "रंभाबाई कुठंय?" एवढंच. मग मथुरेने समजूत घातली, गोष्टी सांगितल्या, खडीसाखर दिली आणि एका सकाळी त्याने नळी तोंडात घेतली. पाणी भराभर गेलं. रंभाबाईच्या वेळी लागायचा त्याच्या निम्म्या वेळात मुळशी रिकामी!

"बघा, बघा!" मथुरेने त्रिंबकरावांना हाक मारली. "माझ्याकडे आल्यावर कसा झरझर करतोय!"

रोज ती त्याला फुंकायला लावायची आणि रोज ते पाणी झरझर जायचं. अचू ना हसायचा ना खोकायचा, ना त्याला घाम यायचा. काम उरकल्यासारखं उरकायचा. मथुरेला वाटायचं, चला, हट्ट सुटला.

पौषात संध्याकाळचा ताप यायला लागला.

डॉक्टरांनी पुन्हा बोटाने ठोकलं. डावीकडे पुन्हा भिंत. त्यांचा चेहरा उतरला. "बाटल्या चालू होत्या ना?"

"रोज," मथुरा म्हणाली. "एक दिवस चुकला नाही."

"आणा बघू."

अचूने नळी तोंडात घेतली आणि त्याचे गाल पावसाळ्यातल्या बेडकासारखे फुगले. पाणी सरसर निघालं. डॉक्टर पुढे वाकले. मग त्यांनी हात पुढे केला आणि अचूचे दोन्ही गाल अंगठ्या-बोटांत धरून दाबले. तसेच, जसे रंभाबाई धरायची.

पाणी जागच्या जागी थांबलं.

"गालांनी फुंकतोय," डॉक्टर म्हणाले. "पाणी हललं, पण छाती नाही हलली. गाल धरल्याशिवाय मुलं हेच करतात. फुप्फुस बसलं ते बसलंच, मोकळ्या जागेत पू पुन्हा साठला. गाल धरायला सांगितलं नव्हतं का रंभाबाईने?"

मथुरेने बाटल्या कॉटखाली सारल्या. सांगितलं नव्हतं, हे खरं. पण रोज डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं, हेही खरं. जे काम होतं त्याला आपण लाड समजलो. का समजलो, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. आणि नुसतं कामच होतं असंही नव्हतं. त्या बोटांत माया होती. ती आपल्याला दिसली, आणि ती दिसली म्हणून दुसरं काही दिसलंच नाही.

पुन्हा बरगडी काढायची, या वेळी जास्त. पुन्हा एका अंगावर श्वास, या वेळी जास्त वेळ. पोर आधीच खंगलेलं. कंपाउंडर वाल्मीक भूल देतो म्हणाला. भला माणूस, पण त्याने जाळी तोंडाजवळ नेली मात्र, अचूने अशी किंकाळी फोडली की त्याचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी जाळी काढून घेतली. "असा रडत असताना क्लोरोफॉर्म दिला तर टेबलावरच जाईल. मी नाही देणार. रंभाबाई हवी."

डॉक्टरांचा निरोप घेऊन नथू हमाल ट्रॉलीने घाटाखाली भिऱ्याला गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि मथुरेच्या अंगणात उभा राहून टोपी चुरगळत राहिला.

"काय म्हणाल्या?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"म्हनल्या, डाक्तरचा निरोप पोचला. पर ज्यानं घालिवलं त्यानं बोलवावं." नथूने मथुरेकडे बघायचं टाळलं. "टेलिफोनवर बोलवावं म्हनल्या. समद्या हापिसानं ऐकलं पायजे."

"काय माजलीय बघा!" मथुरेच्या तोंडून निघून गेलं.

त्रिंबकराव म्हणाले, "मी करतो टेलिफोन."

"तुमचा आवाज नकोय तिला."

ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि विनाकारण डाळ निवडत बसली. मुलगा मरायला टेकलाय आणि ही मानपान मागते! नर्स ना ही? ज्या तोंडाने 'वढ माझ्या राजा' म्हणाली, त्याच तोंडाने? एका बाजूने असा संताप यायचा. दुसऱ्या बाजूने तिला पक्कं ठाऊक होतं की रंभाबाईच्या जागी आपण असतो तर हेच मागितलं असतं, शब्दाला शब्द.

तेवढ्यात मागच्या दाराशी काठी वाजली. धुळाजी होता, रंभाबाईचा बाप. अचूसाठी शेळीचं दूध आठवड्यातून दोनदा तोच आणायचा. लेक गेली तरी त्याने दूध थांबवलं नव्हतं. त्याला सगळं कळलेलं होतं. छावणीत काय लपतं?

"यील ती," तो चरवी खाली ठेवत म्हणाला. "तिचं तोंडच तसं हाय."

"तुमची लेक लहानपणापासून अशीच का हो?"

"अशीच. करडू झालं की शेळीकडं जाऊ द्यायची न्हाई. सवता बोळ्यानं पाजायची. माझंच हाय म्हनायची. करडू बी खुळं, तिच्याच मागं पळायचं. मग शेळी इरेला पडायची, पान्हा चोरायची. त्ये करडू कवा तिच्याकडं ग्येलंच तर लाथ हानायची."

मथुरेच्या हातातली डाळ थांबली. "मग?"

"मग काय, बाई. ह्या दोघींचं चालायचं रुसनं-फुगनं." म्हाताऱ्याने काठी उचलली. "करडू मधल्या मधी वाळायचं. त्याला काय, त्याला दूध पायजे."

तो गेला. बोलून गेला ते त्याने मथुरेला उद्देशून म्हटलं होतं की नुसतंच शेळीचं सांगितलं होतं, ते तिला कधी कळलं नाही. आत अचू कण्हला. ती जाऊन त्याच्याजवळ बसली. तो आपला आपणच दुखऱ्या कुशीवर वळून निजला होता, चांगली बाजू वर मोकळी ठेवून. उजवी बरगडी भराभर वर-खाली होत होती. डावी हलत नव्हती. त्याच्या हाताशी ती तारेची जाळी होती. वाल्मीकची नव्हे, रंभाबाईची. ती त्याच्या अंथरुणात एवढे दिवस होती आणि मथुरेला पत्ता नव्हता.

"आई," तो म्हणाला, "रेडकाला मुसकं कोण बांधणार?"

मथुरा उठली. पायात वहाणा घातल्या. खिडकीत ती उपडी कपबशी होती. जाता जाता तिने ती उचलली, आत नेऊन फडताळात घरच्या कपांशेजारी ठेवली, थांबली, पुन्हा काढली आणि चुलीजवळच्या ओट्यावर ठेवून दिली. कुठे ठेवायची ते आली की बघू.

त्रिंबकराव म्हणाले, "मी येऊ बरोबर?"

"अचूजवळ बसा. त्याला उजव्या कुशीवर वळू देऊ नका."

ऑफिसात दुपारची वर्दळ होती. कारकून, मुकादम, हजेरीला आलेली माणसं. टेलिफोनचं यंत्र भिंतीवर, त्याच्याशी कोंडिबा बसायचा. मथुरा आत आली तशी बोलणी थांबली. नथूचा निरोप तिच्याआधी इथे पोचला होता हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एकाने उगाच फायली चाळायला घेतल्या.

"बाई, कामगार हटवू का?" कोंडिबाने हळूच विचारलं.

"नको," मथुरा म्हणाली. "असू द्या सगळे. तिला तेच हवंय."

वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. चुकलं माझं, असं म्हणणार नव्हती. ते नंतर, समोर, जमलं तर. आता एवढंच सांगायचं होतं: अचू तुमची वाट बघतोय, मी पाठवलं, मी बोलावते. आणि आली, त्याला जगवलं, की गाल धरायला तिच्याकडून शिकून घ्यायचं, अंगठा कुठे, बोटं कुठे, किती दाबायचं. मग मी धरीन ते गाल. मीच धरीन. तिच्यापेक्षा घट्ट. हा विचार आला आणि मथुरेला स्वतःचं हसू आलं. त्यात आनंद नव्हता, पण ती सरळ यंत्रापाशी जाऊन उभी राहिली.

"खालच्या छावणीचा दवाखाना लावा," तिने कोंडिबाला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "म्हणावं, अचूची आई बोलतेय. रंभाबाईंना बोलवा."

कोंडिबाने यंत्राची कळ फिरवली आणि कानाला लावायचा कर्णा तिच्या हातात दिला.